लसीमुळे होतं का? : जीबीएस, लस आणि आपण



या महिन्याचा आरोग्याचा पाठ जरा लांब आहे. एका बैठकीत वाचून झाला नाही तर दोन बैठकांत वाचा. ज्यांना वाचता येतं त्यांनी मोठ्याने वाचा, बाकीच्यांनी मध्येच थांबवून विचारा. पाठ लिहायचं कारण माझीच एक चूक आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते.

2025 च्या जानेवारीत पुण्यात ‘जीबीएस’ नावाच्या आजाराच्या बातम्या सुरू झाल्या. त्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एका ताईने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. कोणीतरी सांगत होतं की हे सगळं लसीमुळेच होतंय. मी हप्त्यांचा हिशोब बघत होते. मान वर न करताच म्हणाले, “छे, लसीने असलं काही होत नाही. अफवा आहे ती.”

कोपऱ्यात बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, “मग आमच्या दिराचं काय झालं गं?”

त्यांच्या दिरांनी 2021 मध्ये कोरोनाची लस घेतली होती. बाराव्या दिवशी पायाला मुंग्या आल्या. चालताना पायातली चप्पल निसटायची, तरी कळायचं नाही. चार दिवसांत उभं राहता येईना. गावात सलाईन लावलं, तेलाने चोळलं, अंगारा लावला. शेवटी शहरातल्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी ‘जीबीएस’ सांगितलं. कित्येक दिवस ते श्वासाच्या मशीनवर होते. आज काठी घेऊन चालतात.

हे ऐकल्यावरही मी म्हणाले, “योगायोग असेल, मावशी.” आणि पुढचा विषय घेतला.

पुढच्या दोन बैठकांना मावशी आल्या नाहीत. बचतीचे पैसे शेजारणीच्या हातून पाठवले. नंतर आशाताईंकडून कळलं की मावशींच्या नातीचा नऊ महिन्यांचा गोवर-रुबेलाचा डोस राहिलाय आणि घरचे द्यायला तयार नाहीत. ज्या माणसांनी घरात एवढं सोसलंय, त्यांना मी एका शब्दात खोटं पाडलं होतं. मग त्यांनी माझं पुढचं का ऐकावं?

मी त्यांच्या घरी गेले आणि म्हणाले, “मी न विचारता, न वाचता बोलले. चुकले.” मावशी म्हणाल्या, “ते राहू दे. मला खरं काय ते सांग. आणि मला एकटीला नको, सगळ्यांपुढं सांग.” त्यासाठी मी वाचलं, आमच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आणि सिस्टरांना विचारलं. त्यातून जे समजलं ते पुढे लिहिते.

जीबीएस म्हणजे नेमकं काय?

पूर्ण नाव ‘गुलेन बॅरी सिंड्रोम’. गुलेन आणि बॅरी ही फ्रेंच डॉक्टरांची नावं. त्यांनी स्ट्रोल नावाच्या तिसऱ्या डॉक्टरासोबत 1916 साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, दोन सैनिकांच्या आजाराचं वर्णन लिहून ठेवलं. म्हणजे आजार काही कोरोनानंतर आलेला नाही. शंभर वर्षांपूर्वीही होता.

आता शेतातल्या मोटरीची वायर डोळ्यांपुढे आणा. आत तांब्याची तार, वर प्लास्टिकचं आवरण. उंदरांनी आवरण कुरतडलं तर मोटर चांगली असूनही चालत नाही, कारण करंट पोचत नाही. आपल्या शरीरात मेंदूचा आणि मणक्यातल्या मज्जारज्जूचा निरोप हातापायांना पोचवणाऱ्या नसा असतात. त्यांच्यावरही असंच आवरण असतं. जीबीएसमध्ये ते आवरण, आणि काही जणांत आतली तारसुद्धा, खराब होते. पाय धडधाकट असतो, पण ‘उचल’ हा निरोपच पोचत नाही.

हे कुरतडतं कोण? आपलीच रोगप्रतिकारशक्ती. बाहेरून जंतू आला की शरीर त्याच्याशी लढायला सैनिक तयार करतं. काही जंतूंचं बाहेरचं रूप नसांच्या रूपासारखं असतं. चोराच्या मागे काठ्या घेऊन धावलेली माणसं अंधारात घरच्याच माणसाला मारतात ना, तसं होतं. जंतू गेलेला असतो, पण सैनिक नसांवर तुटून पडतात.

म्हणूनच हा आजार बहुतेक वेळा दुसऱ्या एखाद्या आजारानंतर दोन-चार आठवड्यांनी येतो. तीनपैकी साधारण दोन रुग्ण सांगतात की आधी जुलाब झाले होते किंवा सर्दी-खोकला-ताप आला होता. रुग्णाला हात लावल्याने, त्याच्या ताटात जेवल्याने जीबीएस होत नाही. तो आईबापांकडून मुलांना येणारा आजारही नाही. एका वर्षात एक लाख लोकांमागे एक-दोन जणांना होतो, म्हणजे दुर्मिळच.

पुण्यात काय झालं होतं?

जानेवारी-फेब्रुवारी 2025 मध्ये पुणे आणि आसपास दोनशेहून जास्त संशयित रुग्ण सापडले. त्यातले बरेच सिंहगड रस्त्याच्या बाजूच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागातले. रुग्णांच्या शौचाच्या तपासणीत काही जणांत ‘कॅम्पायलोबॅक्टर’ नावाचा जंतू सापडला. संशय गेला तो पिण्याच्या पाण्यावर.

जगभरात जीबीएसच्या आधी जो जंतू सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो हाच. घाण पाण्यातून आणि अर्धवट शिजलेल्या कोंबडीतून तो पोटात जातो. आपल्या किती गटांनी कुक्कुटपालनासाठी कर्ज घेतलंय! हा जंतू धडधाकट दिसणाऱ्या कोंबडीच्या आतड्यातही राहतो. म्हणून खुराडं साफ केल्यावर, कोंबडी कापल्यावर हात, सुरी आणि पाट साबणाने धुवा. त्याच पाटावर लगेच काकडी-टोमॅटो चिरू नका. मांस आतपर्यंत शिजवा. पावसाळ्यात आणि जलवाहिनी फुटल्यावर पाणी उकळून प्या. गावच्या टाकीत टीसीएल पावडर पडते की नाही, हे ग्रामपंचायतीला विचारायचा आपल्याला हक्क आहे.

कावळा बसला आणि फांदी मोडली

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. लस घेतली आणि बाराव्या दिवशी पाय गेले. मग लसीमुळेच गेले का?

आपल्याकडे म्हण आहे, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. गटाचं कर्ज काढून म्हैस घेतली आणि महिन्याभरात ती आजारी पडली, तर आपण कर्जाला दोष देत नाही. पण म्हण वापरून विषय झटकायचा नाही. मी तेच केलं होतं. कधी फांदी खरंच कावळ्याच्या वजनानेही मोडत असेल. मग ओळखायचं कसं?

मोजून. आपण गटाचा हिशोब वहीत लिहून ताळा बघतो, तसंच.

समजा एका जिल्ह्यात वीस लाख माणसं आहेत. लाखामागे एक-दोन या हिशोबाने तिथे कुठलीही लस न देता वर्षाला वीस ते चाळीस जणांना जीबीएस होणार. आता समजा एकाच दिवशी सगळ्यांना लस दिली. पुढच्या सहा आठवड्यांत दोन ते पाच जणांना जीबीएस होईलच, कारण तो तसाही होणार होता. त्या घरांना मात्र वाटणार की लसीनंतर झालं, आणि त्यांचं वाटणं साहजिक आहे. म्हणून तज्ज्ञ बघतात की लस घेतलेल्यांमध्ये सहा आठवड्यांत नेहमीपेक्षा *जास्त* रुग्ण झाले का. दोन ते पाचच झाले तर योगायोग. पंधरा-वीस झाले तर लसीवर शंका घ्यायला जागा आहे.

असं मोजून एकदा शंका खरी ठरली, एकदा खोटी. दोन्ही गोष्टी माहीत असायला हव्यात.

शंका खरी ठरली ती गोष्ट

1976 साली अमेरिकेत फोर्ट डिक्स नावाच्या लष्करी तळावर काही सैनिकांना स्वाइन फ्लू झाला आणि एक जवान दगावला. 1918 ची फ्लूची साथ, जिला आपल्याकडची जुनी माणसं ‘मानमोडी’ म्हणायची, तीच परत येतेय की काय अशी भीती वाटली. सरकारने घाईने लस तयार करून ऑक्टोबरपासून द्यायला सुरुवात केली. सुमारे साडेचार कोटी लोकांनी ती घेतली. पण साथ तळाबाहेर पसरलीच नाही, आणि इकडे जीबीएसचे रुग्ण वाढताना दिसले. मोजल्यावर निघालं की लस घेतलेल्या एक लाख लोकांमागे साधारण एक जण जास्तीचा आजारी पडला होता. डिसेंबरमध्ये मोहीम थांबवली.

तेव्हापासून फ्लूच्या लसींवर या आजारासाठी खास नजर ठेवली जाते. आताच्या फ्लूच्या लसींमध्ये हा जास्तीचा धोका काही वर्षी दिसतच नाही, दिसला तर दहा लाखांमागे एक-दोन एवढा.

कोरोनाच्या लसींचंही असंच मोजलं गेलं. ॲस्ट्राझेनेकाच्या लसीनंतर (आपल्याकडे तीच लस कोविशील्ड नावाने मिळाली) फार क्वचित जीबीएस होऊ शकतो, असं युरोपच्या औषध नियामक संस्थेने 2021 मध्येच लसीच्या माहितीत नोंदवलं. अमेरिकेत जॉन्सन अँड जॉन्सनच्या लसीबद्दलही त्याच वर्षी तसा इशारा दिला गेला. ब्रिटनमध्ये मोजलं तेव्हा ॲस्ट्राझेनेकाच्या दहा लाख पहिल्या डोसांमागे सुमारे पाच-सहा जास्तीचे रुग्ण निघाले.

म्हणजे ‘लसीने असलं काही होत नाही’ हे माझं वाक्य चुकीचं होतं. होऊ शकतं. फार क्वचित, काही ठरावीक लसींनंतर, पण होऊ शकतं.

आणि मावशींच्या दिरांचं? त्यांच्याशी बोलताना आणखी एक गोष्ट कळली. लस घेतली त्याच आठवड्यात त्यांच्या घरात सगळ्यांना जुलाब झाले होते. म्हणजे कारण जुलाब असू शकतं, लस असू शकते, किंवा दोन्ही नसेल. लाखो लोकांचा हिशोब मांडता येतो, पण एकट्या माणसाच्या बाबतीत अनेकदा डॉक्टरही छातीठोक सांगू शकत नाहीत. मी मावशींना हेच सांगितलं. त्या म्हणाल्या, “हे तेव्हाच कुणी असं बसून सांगितलं असतं तर.”

शंका खोटी ठरली ती गोष्ट

1974 साली ब्रिटनमध्ये काही डॉक्टरांनी लिहिलं की डांग्या खोकल्याची लस दिल्यानंतर काही बाळांना झटके येऊ लागले आणि मेंदूला कायमची इजा झाली. पेपरात, टीव्हीवर बातम्या आल्या. आयाबाप घाबरले. आधी शंभरातली साधारण ऐंशी बाळं लस घेत होती, ती काही वर्षांत तिसाच्या आसपास आली. मग 1977 ते 1979 मध्ये डांग्या खोकल्याची मोठी साथ आली. एक लाखाहून जास्त रुग्ण झाले, बाळं दगावली.

आणि खरं कारण? ते कळायला 2006 साल उजाडलं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अशा चौदा रुग्णांची तपासणी केली, ज्यांच्या मेंदूच्या आजाराचा दोष लसीला दिला गेला होता. त्यातल्या अकरा जणांत जन्मापासूनच एका जनुकात दोष निघाला. त्या दोषामुळे पहिल्या वर्षात झटके सुरू होतातच. लसीनंतरच्या तापाने पहिला झटका थोडा लवकर आला असेल, पण आजार लसीने दिलेला नव्हता. त्या आया मात्र तोवर ‘मीच बाळाला टोचायला नेलं’ म्हणून वर्षानुवर्षं स्वतःला दोष देत राहिल्या असतील. नीट तपासणी झाली तर लसीवरचा संशयच जातो असं नाही, आईच्या मनावरचं ओझंही जातं.

पोलिओचे थेंब

पोलिओच्या थेंबांमध्ये जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. अगदी क्वचित त्यानेच लुळेपणा येऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटना हे प्रमाण सुमारे सत्तावीस लाख डोसांमागे एक असं सांगते. ही गोष्ट लपवलेली नाही. म्हणूनच आपल्या देशात 2015 च्या शेवटी थेंबांसोबत पोलिओचं इंजेक्शनही सुरू झालं. त्यात मेलेला विषाणू असतो. आणि एप्रिल 2016 मध्ये थेंबांमधला दुसऱ्या प्रकारचा विषाणू काढून टाकला. त्याच थेंबांनी देशातला पोलिओ घालवला. रानटी पोलिओचा भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला, त्यानंतर एकही नाही. आपल्या वयाच्या किती जणी लहानपणी पोलिओ झालेल्या मैत्रिणीसोबत शाळेत गेल्या असतील. आज अंगणवाडीत तसं मूल दिसत नाही.

मग नातीला डोस द्यायचा का?

मावशींच्या घरात अडलेला डोस गोवर-रुबेलाचा होता. तर त्याचाच हिशोब मांडू.

गोवराच्या लसीनंतर साधारण आठ-दहा दिवसांनी काही बाळांना ताप येतो. त्या तापात तीन-चार हजारांतल्या एखाद्या बाळाला झटका येतो. बघायला तो फार भयंकर वाटतो, पण तापातला असा झटका बहुतेक वेळा काही मिनिटांत थांबतो आणि मेंदूला इजा करत नाही.

दुसऱ्या बाजूला गोवर झालेल्या दर हजार मुलांमागे साधारण एकाच्या मेंदूला सूज येते. त्यातली काही दगावतात, काही बहिरी किंवा मतिमंद होतात. 2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडी भागात, भिवंडीत, मालेगावात गोवराची साथ आली आणि लहान मुलं दगावली. त्यातल्या अनेकांना लस मिळालेली नव्हती.

शिवाय आजोबांच्या पिढीतल्या एकाला जीबीएस झाला म्हणून नातीला धोका वाढत नाही. ज्या व्यक्तीला स्वतःला जीबीएस होऊन गेलाय, तिने मात्र पुढची कुठलीही लस घेण्याआधी डॉक्टरांना ते जरूर सांगावं. हा नियम त्या एका माणसापुरता आहे, घरादाराला लावू नका.

बाळाला तापात झटका आला तर

बाळाला कुशीवर झोपवा. कपडे सैल करा. घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालू नका. कांदा, चप्पल हुंगवू नका, त्याने झटका थांबत नाही आणि वेळ जातो. हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांच्या वर चालला, पुन्हा आला, किंवा थांबल्यावरही बाळ शुद्धीवर येईना, तर लगेच 108 ला फोन करा. झटका लवकर थांबला तरी त्याच दिवशी बाळ डॉक्टरांना दाखवा.

जीबीएस ओळखायचा कसा?

लस घेतलेली असो वा नसो, ही लक्षणं घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या:

• दोन्ही पायांना मुंग्या येतात, बधिर वाटतं, काहींची पाठ आणि पाय खूप दुखतात.
• पायातली ताकद कमी होते. खाली बसलं तर उठता येत नाही, पायरी चढवत नाही, चप्पल निसटते.
• अशक्तपणा दोन्ही बाजूंना असतो आणि खालून वर चढत जातो. आज पाय, उद्या-परवा हात, मग चेहरा.
• हे काही तासांत किंवा दिवसांत वाढत जातं.

आपण ज्याला ‘लकवा’ किंवा ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतो, त्यात बहुतेक वेळा एकाच बाजूचा हात-पाय जातो आणि तोंड वाकडं होतं, तेही अचानक. तिथेही एक मिनिट घालवू नका. पण ‘तोंड वाकडं नाही, म्हणजे काही नाही’ असं समजून जीबीएसचा रुग्ण घरी ठेवू नका.

पुढचं काहीही दिसलं तर जिवाला धोका आहे: गिळताना ठसका लागतो, आवाज नाकातून येतो, उशीवरून मान उचलत नाही, खोकायला जोर येत नाही, दम लागतो, एका श्वासात एक ते वीस आकडे मोजता येत नाहीत. याचा अर्थ श्वासाच्या स्नायूंपर्यंत आजार पोचतोय. चार-पाच रुग्णांतल्या एकाला श्वासाच्या मशीनची गरज लागते. म्हणून जिथे व्हेंटिलेटर आहे अशाच दवाखान्यात न्यायचं. 108 ला फोन करतानाच ‘दोन्ही पायातली ताकद गेलीय, दम लागतोय’ असं स्पष्ट सांगा.

दवाखान्यात डॉक्टर पाठीतलं पाणी काढून तपासायला सांगतील. त्याने माणूस कायमचा लुळा होतो ही भीती गावोगाव आहे, ती खरी नाही. उपचार दोन प्रकारचे आहेत: एक महागडं इंजेक्शन, ज्याला डॉक्टर ‘आयव्हीआयजी’ म्हणतात, किंवा मशीनने रक्तातला प्लाझ्मा बदलणं. दोन्हींचा गुण सारखाच येतो, आणि पहिल्या दोन आठवड्यांत, जितक्या लवकर तितका जास्त. इथेच सलाईन आणि चोळण्यात घालवलेले दिवस महाग पडतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत घ्या, दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल पहिल्याच दिवशी विचारा. दागिने मोडायच्या आधी विचारा.

शंभरातले साधारण ऐंशी रुग्ण सहा महिन्यांत स्वतःच्या पायाने चालू लागतात. चांगले उपचार मिळूनही शंभरातले पाचेक दगावतात, आणि काहींना अशक्तपणा राहतो. बरं व्हायला महिने लागतात, व्यायाम करून घ्यावा लागतो. त्या काळात त्या घरातल्या बाईवर किती भार पडतो हे आपल्यापेक्षा कोणाला जास्त माहीत? अशा मैत्रिणीचा हप्ता थकला तर गटाने आधी तिच्या घरी जावं, मग वही उघडावी.

लसीनंतर काही झालं तर कुणाला सांगायचं?

लस घेतल्यावर अर्धा तास केंद्रावरच थांबा. नंतर काही वेगळं वाटलं तर आशाताई, सिस्टर किंवा आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना सांगा. लसीकरणानंतर आलेल्या त्रासाची नोंद करायची पद्धत सरकारने घालून दिलेली आहे. गंभीर त्रास असेल तर जिल्ह्याची समिती चौकशी करते. 104 या आरोग्य हेल्पलाईनवरही विचारता येतं. सांगताना चार गोष्टी सांगा: कोणती लस, कोणत्या तारखेला, त्रास कधी सुरू झाला, आणि त्याआधी ताप-जुलाब झाले होते का. लसीचं कार्ड जपून ठेवा.

आणि पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला तर त्याच दिवशी कळवा, मग कारण काहीही वाटो. अशा प्रत्येक मुलाच्या शौचाचे दोन नमुने पोलिओसाठी तपासले जातात. त्यातली बरीच मुलं जीबीएसची निघतात. आपण कळवलं तर त्यालाही वेळेत उपचार मिळतात.

‘तक्रार केली तर लोक लस घेणार नाहीत’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. 1976 ची गोष्ट आठवा. तेव्हा लोकांनी सांगितलं, डॉक्टरांनी लिहून ठेवलं, म्हणून कळलं. नोंद झाली नाही तर हिशोब चुकतो, आणि चुकलेल्या हिशोबावर कोणाचाच विश्वास बसत नाही. हे आपल्याला गटात वेगळं शिकवायला नको.

बैठकीत बोलण्यासाठी

1. आपल्या गावात लसीनंतर काही त्रास झाल्याचं कोणाला आठवतं का? ते नोंदवलं होतं का? नसेल तर का नाही?
2. ‘नंतर झालं’ आणि ‘मुळे झालं’ यातला फरक घरच्या एखाद्या उदाहरणाने सांगा.
3. गावातून व्हेंटिलेटर असलेला जवळचा दवाखाना कोणता? तिथे पोचायला किती वेळ लागतो? उत्तर इतिवृत्ताच्या वहीत लिहून ठेवा.
4. कोणत्या घरातल्या बाळाचा डोस राहिलाय? का राहिलाय हे रागावून नको, बसून विचारा.

मावशींनी हा पाठ छापायच्या आधी माझ्याकडून वाचून घेतला. दोन ठिकाणी “हे अवघड झालंय, सोपं लिही” म्हणाल्या, ते बदललं. त्यांच्या दिरांनीही ऐकला. ते म्हणाले, “चप्पल निसटायची तेव्हाच गेलो असतो तर काठी लागली नसती कदाचित. ते मोठ्या अक्षरात लिही.” मोठी अक्षरं छापता येत नाहीत, म्हणून शेवटी पुन्हा लिहिते: पायातली चप्पल निसटायला लागली, दोन्ही पाय जड झाले, तर उद्यावर टाकू नका.

नातीच्या डोसाचं मावशींच्या सुनेने ठरवलंय, पुढच्या लसीकरण सत्राला जायचं. तिने सिस्टरांना विचारायचे तीन प्रश्न कागदावर लिहिलेत. ताप आला तर काय, झटका आला तर काय, रात्री फोन कोणाला करायचा. मीही सोबत जाणार आहे. या वेळी उत्तरं ऐकून घ्यायला.

तुमची,
क्षेत्र समन्वयक